लाल ठिपक्याचा भरवसा किती? (थ्रेड)

१९८४ च्या 'द टर्मिनेटर'मधील अर्नोल्ड श्वार्झनेगरच्या पिस्तुलावरचा लाल किरण जगभर पोहोचला. पडद्यावर न दिसलेला भाग अधिक बोलका आहे. वरच्या नळकांड्यात हेलियम-निऑन लेसर होता आणि तो पेटवण्यास सुमारे १०,००० व्होल्ट लागत. म्हणून बॅटरी नटाच्या जाकिटात दडवून तारा बाहीतून नेल्या होत्या. मायमनच्या पहिल्या लेसरला तेव्हा २४ वर्षे झाली होती.

पुढे लहान डायोड आले आणि १९९० च्या दशकात हे यंत्र पिस्तुलाच्या मुठीतच मावू लागले. अमेरिकी विशेष दलांच्या 'मार्क २३' पिस्तुलासाठी तर अवरक्त किरणाची सोयही झाली. तो फक्त रात्रदर्शी उपकरणातूनच दिसतो.

लाभ खरा आहे. साध्या नेमात मागची खाच, पुढचा खुंट आणि लक्ष्य या तिन्ही अंतरांवर डोळा एकाच वेळी स्थिर होत नाही. लेसरमुळे नजर लक्ष्यावरच राहते. ढालीआडून किंवा जमिनीवर पडल्यावर पिस्तूल डोळ्यांसमोर धरता येत नाही, तिथे तो उपयोगी पडतो. निर्विवाद लाभ मात्र प्रशिक्षणातला: रिकाम्या पिस्तुलाचा चाप ओढताना ठिपका उडाला, की हाताचा दोष शिक्षकाला तत्काळ दिसतो.

अडचणी मैदानात सुरू होतात. भर उन्हात लाल ठिपका हरवतो. मानवी डोळा ५५५ नॅनोमीटरच्या आसपास सर्वाधिक संवेदनक्षम असल्याने हिरवा अधिक ठळक दिसतो. पण सुरुवातीचे हिरवे लेसर थंडीत मंदावत आणि बॅटरी भराभर संपवत. किरण नळीच्या खालून किंवा बाजूने निघतो, त्यामुळे जुळवलेल्या अंतराच्या अलीकडे-पलीकडे ठिपका आणि गोळी यांत तफावत पडते. धूर वा धुक्यात तोच किरण धरणाऱ्याचा ठावठिकाणा सांगतो. शिवाय नवशिका थरथरता ठिपका स्थिर होण्याची वाट पाहतो, आणि तो क्षणभर थांबताच चापाला हिसका देतो.

'ठिपका पाहताच हल्लेखोर शरण येतो' हा विक्रेत्यांचा लाडका दावा सर्वांत कच्चा आहे. धावून येणारा माणूस स्वतःच्या छातीकडे पाहत नसतो. चित्रपटात तो ठिपका प्रेक्षकाला दिसतो, बळी पडणाऱ्याला क्वचितच. ठिपक्याच्या भरवशावर खाच-खुंटाचा सराव सोडणारा पोलीस दल असो वा गृहस्थ, बॅटरी संपल्यावर त्याच्या हाती अनोळखी शस्त्र उरते. सरावाच्या काडतुसांचा खर्च आधी, लेसरचा नंतर.