ड्रायर शीट आणा, पण आधी घरचा ड्रायर बघा

परदेशाहून आलेल्या भाच्याच्या बॅगेतून म्हणा, मोबाइलवरून मागवून म्हणा, ड्रायर शीटची पेटी आता चेंबूरच्या घरांत दिसायला लागली आहे. हातरुमालाएवढा पातळ तुकडा असतो. वास छान येतो. कपडे मऊ होतील, अंगाला चिकटणार नाहीत, असं पेटीवर लिहिलेलं असतं. ते खोटं नाही. पण ही शीट कुठे चालते, कुठे चालत नाही आणि कुठे अपाय करते, हे कुणी मोठ्या अक्षरांत छापत नाही. म्हणून पेटी उघडायच्या आधी एवढं वाचा.

तुमच्या घरी ड्रायर आहे म्हणता. तो कोणता, ते आधी बघा.

टिळकनगर, सुभाषनगर, घाटला या भागांतल्या अनेक घरांत अजूनही दोन टाक्यांचं सेमी ऑटोमॅटिक मशीन आहे. एका टाकीत धुवायचं, दुसरीत पिळायचं. त्या दुसऱ्या टाकीलाच आपण ड्रायर म्हणतो. ती टाकी गरम होत नाही. नुसती जोरात फिरते आणि कपड्यांतलं पाणी बाहेर फेकते. शीटवरचा लेप सुटायला गरम हवा लागते. त्यामुळे या टाकीत शीट टाकून काही हाती लागत नाही. उलट तो तुकडा पाणी जायच्या वाटेत अडकू शकतो. साध्या टॉप लोड मशीनचंही तेच. ते पिळून देतं, वाळवून देत नाही.

शीट आहे ती गरम हवेच्या ड्रायरसाठी. कपडे त्यातून कोरडे आणि कोमट बाहेर येतात, तो. नव्या टॉवरमधल्या काही घरांत असा ड्रायर आला आहे. धुणं आणि वाळवणं एकाच मशीनमध्ये होत असेल, तर जरा थांबा. शीट धुताना टाकायची नसते, धुणं संपल्यावर टाकायची असते. म्हणजे मधेच मशीन थांबवावं लागतं. शिवाय अशा मशीनमध्ये शीट वापरूच नका, असं काही कंपन्या सांगतात. मशीनबरोबर आलेली पुस्तिका कपाटातून काढा आणि ते पान वाचा. पुस्तिका हरवली असेल तर कंपनीच्या ग्राहक सेवेला विचारा.

ही वस्तू मुळात आपल्या हवेसाठी निघालेली नाही. अमेरिकेत कपडे मऊ करायचं द्रव्य शेवटच्या पाण्यात घालावं लागे. त्यासाठी वेळ साधून मशीनपाशी जावं लागे. तो हेलपाटा वाचावा म्हणून कॉनरॅड गेझर यांनी ते द्रव्य कापडाच्या तुकड्याला लावून तो तुकडा थेट ड्रायरमध्ये टाकायची युक्ती काढली. १९६९ साली त्यांना पेटंट मिळालं. पुढे प्रॉक्टर अँड गॅम्बल कंपनीने ‘बाउन्स’ नावाने ही शीट घरोघरी नेली. तिथे थंडीत घरं तापवतात, त्यामुळे आतली हवा अगदी कोरडी होते. सिंथेटिक कपडे ड्रायरमध्ये एकमेकांवर घासतात. त्यांच्यात वीज साठते आणि कपडे काढताना चटचट ठिणग्या उडतात. तिथे शीटचा खरा उपयोग आहे.

चेंबूरला वर्षातले बरेच महिने हवा दमट असते. दमट हवेत कापडावर पाण्याचा अगदी पातळ थर बसतो आणि साठलेली वीज त्यातून निघून जाते. सुती कापड आपल्या वजनाच्या सात-आठ टक्के ओल हवेतून घेऊन धरून ठेवतं. पॉलिएस्टर अर्धा टक्काही धरत नाही. म्हणून डिसेंबर-जानेवारीतल्या कोरड्या दुपारी जॉर्जेटची साडी पायांना चिकटते आणि सुती साडी नीट सुटते.

तेवढ्यासाठी पेटी आणायची गरज नाही. सिंथेटिक साडीखाली सॅटिनचा परकर नको, सुती घाला. तळहात जरा ओलसर करून साडीच्या आतल्या बाजूने फिरवा. ड्रायर असेल तर सुती आणि सिंथेटिक कपडे वेगवेगळे वाळवा. किंचित ओल असतानाच बाहेर काढा. बहुतेक चिकटणं कपडे फार वाळवल्यामुळे होतं.

आपली खरी तक्रार वेगळी आहे. टॉवेल कडक होतात आणि पावसाळ्यात कपड्यांना कुबट वास येतो. या दोन्हींवर उपाय शीटमध्ये नाही, धुण्यात आहे.

टॉवेल कडक होतो तो बहुधा दोन कारणांनी. पावडर जास्त पडते, किंवा पाणी जड असतं. भातसा, तानसा, वैतरणा या तलावांतून येणारं महापालिकेचं पाणी म्हणजे साठवलेला पाऊस. ते हलकं असतं, त्यात साबण लगेच फेसाळतो. बोअरवेलचं पाणी तसं नसतं. उन्हाळ्यात सोसायटीत टँकर येतो, त्याचंही पाणी बऱ्याचदा विहिरीचं किंवा बोअरचंच असतं. नळाच्या तोंडाशी आणि बादलीच्या कडेला पांढरे क्षार धरत असतील, तर तुमच्याकडे जड पाणी येतं आहे असं समजा. मशीनच्या नळाला कोणत्या टाकीचं पाणी येतं, ते सोसायटीच्या सेक्रेटरींना एकदा विचाराच. पालिकेचं पाणी येतं त्या वेळात धुणं लावता आलं तर निम्मं काम तिथेच झालं.

पावडरचं मात्र तुमच्याच हातात आहे. आज एक करून बघा. धुऊन वाळलेला टॉवेल घ्या. स्वच्छ पाण्याने भरलेल्या बादलीत बुडवा आणि हाताने चांगला खळबळा. पाणी गढूळलं, बोटांना बुळबुळीत लागलं किंवा वर फेस आला, तर ती पावडर गेल्या कित्येक धुण्यांची आहे. ती धाग्यांत बसून टॉवेलला कडक करते. असे टॉवेल पावडर न घालता गरम पाण्यात दोनदा धुवा. पुढच्या वेळेपासून पावडर मोजून घाला आणि आधीच्या निम्मीच घालून बघा. फेस जास्त म्हणजे कपडे जास्त स्वच्छ, असं काही नसतं.

धुणं करायला ताई येत असतील तर त्यांना ओरडू नका. मोजायचा चमचा पावडरच्या डब्यातच ठेवा आणि किती घालायची ते एकदा शेजारी उभं राहून दाखवा. डब्याला मापच नसेल तर कुणाचाही हात सैल सुटतो.

शेवटच्या पाण्यात अधूनमधून अर्धी वाटी पांढरं व्हिनेगर घातलं तर उरलेले क्षार आणि साबण सुटतो. रोज नको, मशीनच्या रबराला ते सोसत नाही. आणि एक गोष्ट अगदी पक्की लक्षात ठेवा. व्हिनेगर आणि ब्लीच कधीही एकत्र करू नका. त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो आणि बंद बाथरूममध्ये तो जिवावर बेतू शकतो.

टॉवेल वाळत घालताना दोन टोकं धरून जोरात झटका. चपटे झालेले धाग्यांचे फासे उभे राहतात. वाळल्यावर पुन्हा एकदा झटका, मग घडी घाला. आपल्या आया-आज्या हेच करत होत्या.

आता कुबट वास. पावसाळ्यात ड्राय बाल्कनीत नाहीतर छताच्या पुलीच्या दांड्यांवर कपडे दोन-दोन दिवस ओले राहतात. जपानमध्येही पावसात कपडे घरातच वाळवतात. तिथल्या संशोधकांनी २०१२ साली या वासामागचा एक जंतू दाखवून दिला. मोराक्सेला ऑस्लोएन्सिस त्याचं नाव. कपडा वाळला तरी तो मरत नाही. कपडा पुन्हा ओला झाला, घाम आला, की वास परत येतो. सुगंधी शीट किंवा कंडिशनर हा वास झाकतं, घालवत नाही. म्हणून सकाळी वास छान येतो आणि दुपारी लोकलमध्ये तोच शर्ट नकोसा होतो.

त्यावर करायचं ते साधं आहे. धुणं संपलं की कपडे मशीनमध्ये ठेवू नका, रात्रभर तर नकोच. जाड कपड्यांना आणखी एक फेरी पिळून घ्या. दांडीवर एकावर एक कपडे टाकू नका. दोन कपड्यांत चार बोटांची फट ठेवा. खाली पंखा लावा आणि समोरासमोरच्या दोन खिडक्या थोड्या उघडा. वास धरलेले टॉवेल आणि बनियन कापडाला सोसेल तितक्या गरम पाण्यात धुवा. जीन्स पावसाळ्यात रोज धुवायलाच हवी असंही नाही.

बाहेर दोरीवर वाळत घालत असाल तर आधी ओल्या फडक्याने दोरी पुसून घ्या. आपल्या बाजूला माहूलच्या रिफायनऱ्या आहेत, ट्रॉम्बेचे कारखाने आहेत, वर जागोजागी जुन्या इमारती पाडून नव्या उठताहेत. दोरीवरची काजळी आणि धूळ पांढऱ्या शर्टावर सरळ रेघ ओढते. वाऱ्याने कपडे उडत असतील तर महालक्ष्मीच्या धोबीघाटावरची युक्ती करा. तिथे दोन दोऱ्यांना एकमेकींचा पीळ देतात आणि कपड्याचं टोक त्या पिळात खोचतात. चिमटा लागत नाही, कपड्यावर चिमट्याची खूणही उठत नाही.

एवढं करून, घरी गरम हवेचा ड्रायर असेल आणि पुस्तिकेची हरकत नसेल, तर शीट जरूर वापरा. भरलेल्या मशीनला एक पुरते. थोडे कपडे असतील तर अर्धी फाडून टाका. कपड्यांच्या वर टाका आणि लगेच ड्रायर सुरू करा. ओल्या नाजूक कपड्यावर ती नुसती पडून राहिली तर तेलकट डाग पडतो. डाग पडलाच तर साबण लावून हलकं चोळा आणि पुन्हा धुवा.

काही कपड्यांना मात्र ती लावूच नका.

टॉवेलला नको. शीटवरचा मेणकट लेप प्रत्येक धाग्यावर बसतो. तेल लावलेल्या हातावरून पाणी ओघळतं, तसं मग टॉवेलचं होतं. हाताला मऊ लागतो आणि अंग पुसत नाही. फरशी पुसायची मायक्रोफायबरची फडकी आणि घाम टिपणारे खेळाचे कपडे यांनाही याच कारणासाठी नको. बाटलीतल्या कंडिशनरलाही हेच सगळं लागू आहे.

लहान मुलांच्या कपड्यांना तर अजिबात नको. लव असलेल्या मऊ सुती कापडाला हा लेप बसला तर ते अधिक झपाट्याने पेटू शकतं. परदेशातून आलेल्या मुलांच्या काही रात्रीच्या कपड्यांना आग लवकर धरू नये म्हणून खास प्रक्रिया केलेली असते. तिचाही गुण या लेपाने कमी होतो. दिवाळीत मुलं पणत्यांच्या आणि फुलबाज्यांच्या जवळ असतात. त्या दिवसांत तर हे विसरूच नका. तान्ह्या बाळाची दुपटी साध्या सौम्य साबणात धुवा आणि भरपूर पाण्यात खळबळा. त्याहून मऊ त्याला काही लागत नाही.

घरात मांजर किंवा कुत्रा असेल तर पेटी बंद कपाटात ठेवा. शीटवरचं द्रव्य त्यांच्या तोंडात गेलं तर तोंड आणि घसा भाजतो, मांजरांना तर जास्तच त्रास होतो. वापरलेली शीटही जमिनीवर टाकू नका. रांगतं मूल घरात असेल तरी हाच नियम.

वापरलेली शीट सुक्या कचऱ्यात टाका. ती बहुधा पॉलिएस्टरची असते, कुजत नाही. संडासात तर मुळीच टाकू नका.

दर वेळी ड्रायरच्या जाळीवरचं तूस काढा. हे तूस कापसासारखं पेट घेतं, त्यामुळे आळस नको. शीट वापरत असाल तर महिन्यातून एकदा जाळी नळाखाली धरा. पाणी आरपार गेलं तर ठीक. वरच साठून राहिलं, तर शीटच्या लेपाने भोकं बुजली आहेत. गरम पाणी, साबण आणि जुना टूथब्रश घेऊन जाळी घासा आणि पूर्ण वाळल्यावरच परत लावा.

वासाबद्दलही सांगायला हवं. अमेरिकेत वॉशिंग्टन विद्यापीठाच्या अ‍ॅन स्टाइनमन यांनी २०११ साली सुगंधी साबण आणि शीट वापरून ड्रायरमधून बाहेर पडणारी हवा तपासली. त्यांना तिच्यात २५ हून अधिक उडून जाणारी रसायनं सापडली. तपासणी लहान होती, तेवढ्याने घाबरून जाऊ नका. पण घरात कुणाला दमा असेल, तर बिनवासाची शीट घ्या किंवा शीट घेऊच नका. ड्रायर चालू असताना खिडकी उघडी ठेवा. शीटऐवजी लोकरीचे गोळे मिळतात, तेही कपडे मोकळे ठेवतात.

नवी शीट आणल्यावर मानेला, काखेत किंवा कमरेच्या नाडीपाशी खाज सुटली, पुरळ उठलं, तर शीट लगेच बंद करा. त्या आठवड्यातले सगळे कपडे साध्या पाण्यात दोनदा धुऊन घ्या, उशांचे अभ्रे आणि चादरीही. चार दिवसांत खाज गेली नाही तर त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा. जाताना शीटची पेटी बरोबर घ्या. घटक तिच्यावर छापलेले असतात, डॉक्टरांना ते वाचता येतील.