गिटारवरील चौथा सूर

गिटार शिकणाऱ्या मुलामुलींच्या वह्या अलीकडे आमच्या पाहण्यांत पुष्कळ येतात. तारा व पडदे यांचे चौकोन आणि त्यांवर बोटांचे काळे ठिपके, यांखेरीज त्यांत सहसा कांहीं नसतें. चित्र पाठ होतें, बोटें जागेवर पडतात. पण कोणत्या तारेवर कोणता स्वर बोलला हें विचारल्यास उत्तर येत नाहीं. तीन स्वरांच्या साध्या कॉर्डपर्यंत हें अज्ञान खपतें. 'सेव्हन्थ' या चार स्वरांच्या कॉर्डपाशीं आल्यावर मात्र तें भोंवतें.

सी हा षड्ज मानला, तर सी मेजर म्हणजे सा, शुद्ध ग आणि प. यांत निषाद मिळविला कीं सेव्हन्थ झाली. शुद्ध निषाद षड्जापासून 11 अर्धस्वर वर; त्यानें होते ती मेजर सेव्हन्थ. कोमल निषाद 10 अर्धस्वर वर. त्यानें होते ती डॉमिनंट सेव्हन्थ, जिला नुसतें 'सी सेव्हन' म्हणतात. त्यांतच गांधारही कोमल केला कीं मायनर सेव्हन्थ.

आतां वाद्य हातीं घ्यावें. सर्वांत बारीक तार ती पहिली. सी मेजरसाठीं पांचव्या तारेचा तिसरा पडदा, चौथीचा दुसरा व दुसरीचा पहिला दाबतात. तिसरी व पहिली मोकळी राहतात, सहावी वाजवीत नाहींत. दुसऱ्या तारेवरील तर्जनी उचलली, कीं तेथें षड्जाऐवजीं शुद्ध निषाद बोलतो. मेजर सेव्हन्थ तयार. तर्जनी परत ठेवून करंगळीनें तिसऱ्या तारेचा तिसरा पडदा दाबावा; कोमल निषाद आला, सी सेव्हन झाली. परंतु ती मोकळी तार पंचम बोलत होती! तो आतां कोठेंच उरला नाहीं.

तंबोऱ्याच्या षड्ज-पंचमांत वाढलेल्या कानास हें चमत्कारिक वाटेल. पण वरील तिन्ही सेव्हन्थमध्यें पंचम एकच आहे. तो कॉर्डला भरीवपणा देतो, ओळख देत नाहीं. ओळख गांधार व निषाद यांची. चित्रच पाठ करणारा बोट पोंचलें नाहीं कीं नेमका निषाद सोडून देतो, आणि त्याची सेव्हन्थ नांवापुरती राहते.

शुद्ध गांधार व कोमल निषाद यांमध्यें 6 अर्धस्वरांचें अंतर आहे, म्हणजे सप्तकाचें बरोबर अर्धें. खमाजांत हे स्वर एकामागून एक येतात व गोड लागतात. एकदम वाजले कीं कान अस्वस्थ होतो, आणि तेंच हवें असतें. लगेच एफ मेजर वाजवावी. गांधार अर्धस्वर चढून मध्यम होतो, निषाद अर्धस्वर उतरून शुद्ध धैवत होतो, आणि ऐकणाराचा जीव भांड्यांत पडतो. अमेरिकेंतील ब्लूजमध्यें मात्र हीच कॉर्ड घरची असते. ती कोठें जावयास निघालेलीच नसते.

ए सेव्हन व डी सेव्हन यांच्या नेहमींच्या मांडणींत पंचम शाबूत आहे. तो कोणत्या तारेवर, हें वादकांनीं चित्र न पाहतां शोधावें.