कलावंताचे भविष्यस्वप्न आणि वर्तमानाचे दायित्व

आपल्या काळाने ओळखले नाही तरी येणारा काळ ओळखील, हे स्वप्न कलावंत पूर्वापार पाहत आला आहे. आठव्या शतकातील भवभूतीने ‘मालतीमाधवा’च्या आरंभीच आपल्या निंदकांची उपेक्षा करून, कधीकाळी कोठेतरी जन्मास येणाऱ्या समानधर्म्यावर आपला विश्वास टाकला होता. मराठी समीक्षेने अशा स्वप्नांची संभावना बहुधा दोन प्रकारे केली आहे. एक तर दुर्लक्षित प्रतिभेचे आत्मसमर्थन म्हणून, किंवा मग कवीच्या द्रष्टेपणाची खूण म्हणून. या दोन्ही भूमिकांत एक महत्त्वाची गोष्ट निसटते. कीर्तीचे स्वप्न पाहणारा कलावंत ती कीर्ती देण्यास समर्थ असलेल्या रसिकसमाजाचेही स्वप्न पाहत असतो. स्वप्नाचा पहिला भाग काळाच्या ओघात पुष्कळदा खरा ठरतो. दुसरा भाग मात्र कोणीतरी खरा करावा लागतो. या दृष्टीने केशवसुतांचे उदाहरण पुन्हा तपासून पाहण्याजोगे आहे.

१८६६ मध्ये जन्मलेले कृष्णाजी केशव दामले ७ नोव्हेंबर १९०५ रोजी हुबळी येथे प्लेगने मरण पावले. शिक्षकाच्या नोकरीत, सततच्या आर्थिक ओढग्रस्तीत त्यांचे आयुष्य गेले. त्यांच्या हयातीत त्यांचा एकही कवितासंग्रह निघाला नाही. अशा कवीने ‘आम्ही कोण?’ या सुनीतात कलावंताच्या सामर्थ्याविषयी जो दावा मांडला, तो त्याच्या लौकिक परिस्थितीशी ताडून पाहता दिवास्वप्नासारखा वाटल्यास नवल नाही. परंतु त्या शीर्षकातील सर्वनामाकडे पुरेसे लक्ष दिले गेले आहे असे म्हणता येत नाही. ते एकवचनी नाही. आपल्या स्थानाचा प्रश्न उपस्थित करताना हा एकाकी कवी कलावंतांच्या समूहाच्या वतीने बोलतो. तो समूह त्याच्या भोवती प्रत्यक्षात जेमतेम अस्तित्वात होता. म्हणूनच तो आधी भाषेत निर्माण करावा लागला. १८९३ मधील ‘तुतारी’तही हीच रचना आढळते. फुंकण्याचे बळ कवीपाशी आहे, परंतु वाद्य मात्र कोणीतरी आणून द्यावे अशी त्याची मागणी आहे. ही मागणी केवळ आलंकारिक मानण्याचे कारण नाही. प्रतिभा स्वयंभू असेल. तिचा नाद लोकांपर्यंत नेणारे साधन समाजाने पुरवावयाचे असते, हे त्या कवितेचे गृहीतक आहे.

हे साधन कोणी पुरवले, हा खरा वाङ्मयेतिहासाचा प्रश्न आहे. ‘काळाने केशवसुतांना न्याय दिला’ असे विधान अध्यापनात सर्रास केले जाते. पण काळ कवितांच्या नकला मिळवीत नाही, मुद्रिते तपासत नाही. हे काम माणसांनी केले. हरि नारायण आपटे यांनी विखुरलेल्या कविता एकत्र करून १९१७ मध्ये ‘केशवसुतांची कविता’ प्रसिद्ध केली. त्यापूर्वी, १८८७ पासून, नारायण नरसिंह फडणीस जळगावहून ‘काव्यरत्नावली’ हे केवळ कवितेला वाहिलेले मासिक चालवीत होते. मुंबई-पुण्यापासून दूर असलेल्या गावातून असे मासिक जवळजवळ अर्धशतक चालते, ही घटना एखाद्या श्रेष्ठ कवितेइतकीच महत्त्वाची मानावयास हवी. ज्या फैजपूरला केशवसुतांनी आयुष्याच्या उत्तरार्धातील काही वर्षे काढली, तेही याच खानदेशात आहे. त्यांच्या मृत्यूनंतर अवघ्या दोन वर्षांनी, १९०७ मध्ये, जळगावला कविसंमेलन भरले. त्यात त्र्यंबक बापूजी ठोंबरे या सोळा-सतरा वर्षांच्या मुलाला कर्नल कीर्तिकरांकडून ‘बालकवी’ ही उपाधी मिळाली. केशवसुतांना मरणोत्तर लाभलेली मान्यता या मुलाला मिसरूड फुटण्याच्या वयात लाभली. दोघांच्या प्रतिभेतील अंतराने याचा उलगडा होत नाही. मधल्या काळात ऐकणाऱ्यांचा एक समाज तयार झाला होता, एवढाच त्याचा अर्थ.

यावर एक आक्षेप संभवतो. समकालीन मान्यता कलावंताला प्रचलित अभिरुचीचा अंकित करते. उलट भविष्यावर भिस्त ठेवणाराच नवे काही निर्माण करू शकतो, असे म्हटले जाईल. या आक्षेपात तथ्य आहे. ‘काही कविता’ (१९४७) या संग्रहावर अश्लीलतेचा खटला होऊनही मर्ढेकरांनी आपली वाट सोडली नाही. तत्कालीन अभिरुचीचा कौल त्यांनी अंतिम मानला असता, तर मराठी नवकविता वेगळीच झाली असती. तथापि, मर्ढेकरही पूर्णतः निराधार नव्हते. त्यांच्या कवितेवर वाद घालणारे, तिचा अर्थ लावण्यासाठी झटणारे समीक्षक आणि नियतकालिके त्यांच्या हयातीतच होती. मार्च १९५६ मध्ये त्यांचे निधन झाले आणि ‘सौंदर्य आणि साहित्य’ या ग्रंथाला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर. पुरस्कार उशिरा आला. वाचक मात्र उशिरा आले नव्हते. कलावंताला स्तुतीपेक्षा अधिक गरज असते ती गंभीर वाचनाची, मग ते विरोधी का असेना. दिवास्वप्नाचे बळ अशा वाचनाची जागा घेऊ शकत नाही. फार तर ते येईपर्यंत धीर देऊ शकते.

म्हणूनच ‘उपेक्षित कलावंताला भविष्य न्याय देते’ हे सुभाषित साहित्याच्या अभ्यासकांनी सावधपणे वापरले पाहिजे. ते कलावंताच्या तोंडी शोभते. वाचकाच्या तोंडी ते पळवाट ठरते, कारण त्यामुळे आज वाचण्याची जबाबदारी उद्यावर ढकलता येते. मालगुंड येथे १९९४ पासून केशवसुतांचे स्मारक उभे आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जाही मिळाला. या दोन्ही गोष्टी अभिमानास्पद आहेत. पण दोन्ही संचिताचा गौरव करणाऱ्या आहेत. ‘सत्यकथा’ १९८२ मध्ये बंद पडली तेव्हा एका मासिकाबरोबर नव्या लेखकाचे हस्तलिखित बारकाईने वाचून त्याच्याशी पत्राने वाद घालणारी संपादनाची एक रीतही क्षीण झाली. अभिजाततेच्या दर्जाने ती आपोआप परत येणार नाही.

येथे मराठी विभागांचा संबंध थेट येतो. अभ्यासक्रमात ‘आम्ही कोण?’ शिकविले जाते, त्यावर प्रश्न विचारले जातात, उत्तरांना गुण दिले जातात. त्याच महाविद्यालयाच्या वार्षिकांकात नव्याने लिहिणाऱ्या विद्यार्थ्याची कविता मात्र मुद्रितशोधनापलीकडे कोणी वाचत नाही, अशी स्थिती असेल, तर केशवसुतांच्या स्वप्नातील सोयीचा अर्धा भागच आपण स्वीकारला असे म्हणावे लागेल. ज्या भविष्यकालीन रसिकावर त्यांनी विसंबावे असे आपण आज म्हणतो, तो रसिक म्हणजे आजचा अध्यापक आणि आजचा विद्यार्थी होय. केशवसुतांच्या बाबतीत ते ऋण फेडणे सोपे आहे, कारण निवाडा आधीच झालेला आहे. ज्यांचा निवाडा अद्याप व्हावयाचा आहे त्यांना वाचणे अवघड. त्यात चुकण्याचा संभव असतो आणि चुकीचे श्रेय कोणी देत नाही. परंतु फडणिसांनी जळगावात अंकामागून अंक काढताना हाच धोका पत्करला होता. त्यांनी छापलेल्या कितीतरी कवींची नावे आज कोणाला आठवत नाहीत. तरीही त्यांच्यामुळेच आठवणीत राहण्याजोग्या कवितेला मराठीत जागा झाली.