खात्री पन्नासची, निर्णय सत्तरचा

जानेवारी २०२५मध्ये पुण्यात सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी परिसरात गुलेन बॅरे सिंड्रोमचे (जीबीएस) रुग्ण वाढले. तेव्हा आरोग्य विभागाच्या माहितीत रोज दोन आकडे असत : संशयित आणि निदान निश्चित झालेले. डॉक्टरांचे कठीण निर्णय या दोन आकड्यांच्या मधल्या जागेतले होते.

पायांतली ताकद जाऊ लागली की नसांची आणि पाठीतल्या पाण्याची तपासणी करतात. पण पहिल्या आठवड्यात दोन्ही अहवाल अनेकदा नॉर्मल येतात. इम्युनोग्लोब्युलिन महाग आहे आणि त्याचा फायदा पहिल्या दोन आठवड्यांत जास्त होतो. म्हणजे पुरावा पूर्ण होईपर्यंत थांबणे परवडत नाही.

अशा वेळी नातेवाईक विचारतात, "डॉक्टर, किती टक्के खात्री आहे?" एकच आकडा सांगितला, तर त्यात पुरावा किती आणि अज्ञान किती हे कळत नाही. आर्थर डेम्प्स्टर आणि ग्लेन शेफर यांनी १९६७ ते १९७६ या काळात अज्ञान वेगळे मोजणारे गणित मांडले. बेल्जियमचे फिलिप स्मेट्स मुळात वैद्यकीय डॉक्टर. विश्वासाची पातळी आणि निर्णयाची पातळी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असे त्यांनी सांगितले.

एक काल्पनिक रुग्ण घेऊ. शक्यता तीन : जीबीएस, मज्जारज्जूवरचा दाब आणि रक्तातले पोटॅशियम कमी होणे. पुराव्याच्या १०० गुणांपैकी ५० थेट जीबीएसकडे बोट दाखवतात. २० गुण 'जीबीएस किंवा मज्जारज्जू' एवढेच सांगतात. उरलेले ३० उचंत खात्यात, म्हणजे काहीच सांगत नाहीत. निर्णयाची वेळ आली की स्मेट्स यांच्या रीतीने २० दोघांत आणि ३० तिघांत समान वाटायचे. जीबीएस ७०, मज्जारज्जू २०, पोटॅशियम १०.

हे सत्तर निर्णयापुरते. त्यातले वीस गुण अज्ञानाच्या वाटपातून आले आहेत. केसपेपरवर नुसते '७० टक्के' लिहिले, तर पुढच्या पाळीच्या डॉक्टरला ते पुराव्याचेच वाटतील आणि पोटॅशियमची साधी रक्ततपासणी राहून जाईल. शिवाय निर्णय केवळ मोठ्या आकड्यावर ठरत नाही, चुकीची किंमतही पाहावी लागते. मज्जारज्जूवरचा दाब वेळेत ओळखला नाही, तर कायमचे अपंगत्व येऊ शकते. म्हणून वीसच्या शक्यतेसाठीही एमआरआय करावा लागतो.

सार्वजनिक आरोग्यालाही हाच नियम लागू होतो. पाण्याबद्दलचा पुरावा अपुरा असतानाही 'पाणी उकळून प्या' हा सल्ला योग्यच होता, कारण तो चुकला तरी नुकसान गॅसपुरते. मात्र सल्ला देताना काय सिद्ध झाले आहे आणि काय सावधगिरी म्हणून सांगितले जात आहे, हे नागरिकांना स्पष्ट सांगायला हवे. उद्या नवा पुरावा आला आणि सल्ला बदलला, तर लोक त्याला लपवाछपवी समजणार नाहीत.