विमानात पॉवर बँकेवर नजर, मग घरात ती उशीखाली का?

उमराहला निघणाऱ्यांनी इहराम, औषधे आणि पासपोर्टसोबत आता आणखी एक वस्तू नीट तपासून घ्यावी, ती म्हणजे पॉवर बँक. एमिरेट्सने 1 ऑक्टोबर 2025 पासून विमानात पॉवर बँक वापरायला बंदी घातली आहे. एका प्रवाशाला 100 वॅट-तासांपेक्षा कमी क्षमतेची एकच पॉवर बँक जवळ ठेवता येते. तिच्यावर मोबाईल चार्ज करायचा नाही आणि ती डोक्यावरच्या कप्प्यातही ठेवायची नाही. दुबईमार्गे जाणारे यात्रेकरू आणि कोकणातून आखातात नोकरीला गेलेली आपली माणसे, सगळ्यांनाच हा नियम लागू आहे.

"एवढ्याशा वस्तूचा एवढा बाऊ कशाला?" असे काहीजण म्हणतात. त्याचे उत्तर दक्षिण कोरियात सापडते. 28 जानेवारी 2025 च्या रात्री बुसानच्या विमानतळावर एअर बुसानचे विमान उड्डाणाच्या तयारीत उभे होते. मागच्या भागातल्या सामानाच्या कप्प्यातून धूर निघाला आणि पाहता पाहता विमानाचे छत जळून गेले. विमान जमिनीवर होते म्हणून सगळे बाहेर पडू शकले. आग बहुधा पॉवर बँकेमुळे लागली, असे तपास यंत्रणेने मार्चमध्ये सांगितले. या आगीनंतर कोरियाने पॉवर बँक वरच्या कप्प्यात ठेवायला मनाई केली.

आपल्याकडे 19 ऑक्टोबर 2025 रोजी दिल्लीहून दिमापूरला निघालेल्या इंडिगोच्या विमानातही पॉवर बँक पेटली. पण ती सीटच्या खिशात होती, लगेच दिसली आणि कर्मचाऱ्यांनी आग आटोक्यात आणली. दोन्ही घटना शेजारी ठेवून पाहिल्या की नियमामागचे कारण कळते. बॅटरी बिघडणार की नाही, हे प्रवाशाच्या हातात नसते. पण ती बिघडली तर कुणाला तरी ताबडतोब दिसली पाहिजे.

मोबाईल, पॉवर बँक, ब्लूटूथ स्पीकर, कानातले बड्स या सगळ्यांत लिथियम-आयन बॅटरी असते. तिच्या दोन टोकांच्या थरांमध्ये प्लास्टिकचा एक अतिशय पातळ पडदा असतो. पडल्याने, दबल्याने, जास्त गरम झाल्याने किंवा कारखान्यातल्या दोषामुळे तो फाटला, तर आतल्या आत शॉर्टसर्किट होते. उष्णता वाढते, वायू तयार होतो, बॅटरी फुगते आणि पेट घेते. चार्जिंगला लावलेली नसतानाही हे घडू शकते.

आता आपल्या घरांकडे पाहू. विमानात लक्ष ठेवायला कर्मचारी असतात. घरात रात्री दोन वाजता कोण असते? वर्गात आम्ही विचारतो, "मोबाईल चार्जिंगला लावून कोण झोपतो?" बहुतेक हात वर होतात. मुंब्रा, भिवंडी, मालेगावच्या एका खोलीच्या घरात एकाच एक्स्टेंशन बोर्डवर सगळ्यांचे मोबाईल लागलेले असतात, तेही गादीवर नाहीतर गोधडीखाली, आणि दाराच्या बाजूलाच. आग लागली तर बाहेर पडायची वाट तीच असते.

दुसरा प्रश्न खरेदीचा. जून 2025 मध्ये अँकर या नामांकित कंपनीने अमेरिकेत विकलेल्या साडेअकरा लाखांहून जास्त पॉवर बँका परत मागवल्या. म्हणजे दोष मोठ्या कंपनीच्या मालातही निघतो. फरक असा की तिथे मॉडेल नंबर असतो, ग्राहक तपासू शकतो, कंपनीला जबाबदार धरता येते. फुटपाथवर बिलाशिवाय घेतलेली पॉवर बँक कोण परत मागवणार? कमी पैशांत घर चालवणाऱ्यालाच सगळ्यात धोक्याचा माल मिळतो, ही खरी अडचण आहे. भारतात पॉवर बँकेला बीआयएस नोंदणी सक्तीची आहे. वस्तूवरचा "आर" ने सुरू होणारा नंबर "बीआयएस केअर" ॲपमध्ये टाकून तपासता येतो. पण बाजारात तपासणी झालीच नाही, तर सगळा भार ग्राहकावर पडतो. ही मागणी आपण स्थानिक प्रशासनाकडे लावून धरली पाहिजे.

घरात एवढे तरी करा:

- चार्जिंग फरशीवर किंवा टेबलावर करा. उशी, गादी, कपडे दूर ठेवा आणि दाराची वाट मोकळी सोडा.
- झोपण्यापूर्वी चार्जर काढा. मोबाईल मगरिब ते इशाच्या दरम्यान, सगळे जागे असताना चार्ज करा.
- बॅटरी फुगली, वास आला किंवा वस्तू नेहमीपेक्षा जास्त तापली, तर वापर लगेच थांबवा. ती दाबू नका, टोचू नका.
- पेटलीच तर आधी मुलांना आणि दादी-नानीला बाहेर काढा. चार्जर लावलेला असेल तर मेन स्विच बंद करा. आग लहान असेल तरच लांबून भरपूर पाणी ओता, म्हणजे बॅटरी थंड होते. नाहीतर बाहेर पडून 101 ला फोन करा.
- प्रवासात पॉवर बँक चेक-इन सामानात टाकू नका. 20,000 एमएएचची पॉवर बँक साधारण 74 वॅट-तासांची असते, म्हणजे मर्यादेत बसते.

खराब बॅटरी कचऱ्यात टाकू नका. 2022 च्या बॅटरी कचरा नियमांनी जुन्या बॅटऱ्या गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. तरी आपल्या मोहल्ल्यात फुगलेली बॅटरी नेमकी कुठे द्यायची, हे विचारून पाहा. बहुतेक ठिकाणी उत्तर मिळत नाही. मग ती भंगारात जाते आणि गोदामात काम करणारी आपलीच मुले ती हातोडीने फोडतात. प्रत्येक वॉर्डात बॅटरी जमा करण्याचे एक ठिकाण असावे, एवढी मागणी नगरसेवकाकडे करता येईल. शाळा आणि मशीद कमिट्यांनी साथ दिली, तर हे काम लवकर होईल.