जोडी जुळण्याआधीची झटापट

क्लाउनफिशची दोन पिल्ले एका टाकीत सोडली की थोड्याच वेळात पाठलाग सुरू होतो. मोठे पिल्लू धाकट्यावर धावून जाते, शेपटीच्या कडेला चावे घेते, त्याला कोपऱ्यात कोंडते. पुष्कळ मत्स्यपालक हे पाहून घाबरतात, दोघांना वेगळे करतात आणि चार दिवसांनी पुन्हा एकत्र सोडतात. त्याने भांडण मिटत नाही, पहिल्यापासून सुरू होते. जात ओसेलारिस असो वा पर्क्युला, जोडी जुळते ती याच झटापटीतून. हात घालावा लागतो तो एका विशिष्ट प्रकारच्या भांडणात, आणि ते डोळ्यांनी ओळखता येते.

कोवळा क्लाउनफिश नर नसतो आणि मादीही नसते. दुकानात मिळणाऱ्या तीन सेंटिमीटरच्या पिल्लात दोन्ही शक्यता शाबूत असतात. जोडीत जो वरचढ ठरतो तो मादी होतो, दबणारा नर होतो. हा प्रवास एकाच दिशेचा आहे: नराची मादी होते, मादीचा नर कधीच होत नाही. हान्स आणि सिमोन फ्रिके यांनी १९७७ साली ‘नेचर’मध्ये दाखवून दिले की मादीचा धाकच नराला नर ठेवतो. म्हणजे जुळलेल्या जोडीतही अधूनमधून होणारी हुसकाहुसकी बिघाडाची खूण नव्हे. मादी आपली जागा राखत असते.

धाक कोणाचा चालणार हे बहुतांशी आकारावर ठरते. पीटर बस्टन यांनी पापुआ न्यू गिनीतल्या मडांगजवळ पर्क्युलाचे कळप अभ्यासले आणि २००३ साली त्याचे निष्कर्ष मांडले. एका समुद्रपुष्पावर एक जोडी आणि तिच्या हाताखाली काही प्रजनन न करणारे मासे राहतात. सर्वांत मोठी मादी, तिच्याखाली नर, मग उतरत्या क्रमाने बाकीचे. खालचा मासा वरच्यापेक्षा ठरावीक प्रमाणात लहान राहील इतकीच आपली वाढ होऊ देतो. लागोपाठच्या दोन माशांत वरचा साधारण सव्वापट लांब भरतो. हे अंतर मिटले तर वरचा मासा खालच्याला हाकलून देतो, आणि प्रवाळावर हाकललेला मासा फार काळ जगत नाही. लहान राहणे हा तिथे जगण्याचा मार्ग आहे.

उलट, बरोबरीची दोन पिल्ले एकत्र आली तर दोघेही वाढीची स्पर्धा करतात. पर्क्युलाच्या पिल्लांवर झालेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, तोडीस तोड प्रतिस्पर्धी असलेली पिल्ले एकट्या ठेवलेल्या पिल्लांपेक्षा जास्त वाढली. टाकीत ही स्पर्धा चाव्यांच्या रूपानेही दिसते, कारण कोण मोठे हेच ठरलेले नसते.

दुकानात मात्र नेमकी अशीच बरोबरीची पिल्ले एकत्र मिळतात. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या मंडपम केंद्रात विकसित झालेले तंत्र आणि ऐरोलीतल्या कांदळवन प्रतिष्ठानाच्या हॅचरीसारखे उपक्रम यांमुळे टाकीतच जन्मलेली क्लाउनफिश आता आपल्याकडेही तयार होते, आणि प्रवाळावरून मासे पकडण्यापेक्षा हे केव्हाही चांगले. पण हॅचरीतला माल आकारानुसार निवडून भरला जातो. एका पिशवीत सगळी सारखीच पिल्ले येतात, आणि त्यांतली दिसायला सारखी दोन उचलून ‘जोडी’ म्हणून विकली जातात. ती जोडी नव्हे. जुळवायला यापेक्षा अवघड निवड क्वचितच सापडेल. एक चार सेंटिमीटरचे आणि एक तीन सेंटिमीटरचे पिल्लू द्यावे, एवढा साधा नियम विक्रेत्यांनी पाळला तरी कितीतरी मासे वाचतील. दुकानातल्या गर्दीच्या टाकीत हीच पिल्ले गुण्यागोविंदाने राहताना दिसतात, पण त्यावर भिस्त ठेवू नये. तिथे एकाचा राग वीस जणांत वाटला जातो. घरी तो एकाच्याच वाट्याला येतो.

दोघांना शक्यतो एकाच वेळी आणि दोघांनाही अनोळखी असलेल्या टाकीत सोडावे. मग लक्ष ठेवायचे ते धाकट्यावर. मोठे पिल्लू अंगावर आले की धाकटे एका कुशीवर कलते, पोट किंचित पुढे करते आणि डोक्यापासून शेपटीपर्यंत थरथरते. आकडी आल्यासारखे दिसणारे हे कंपन दोन-तीन सेकंद टिकते. नवख्या पालकाला ते आजारपण वाटते आणि तो औषधाची बाटली शोधू लागतो. प्रत्यक्षात ती शरणागती असते. ती पाहून मोठे पिल्लू वळून निघून गेले तर काम झाले. क्लाउनफिश या प्रसंगी आवाजही करतात: धमकावताना जबडे आपटून टकटक असा, माघार घेताना डोके हलवत वेगळा. शांत खोलीत काचेजवळ कान नेल्यास टकटक ऐकू येते. पुढे दोघे एकाच कोपऱ्यात झोपू लागले की जोडी बसली असे समजावे. अंडी यायला मात्र कित्येक महिने, कधी वर्षाहून जास्त काळ लागतो.

धोक्याचे भांडण वेगळे दिसते. धाकटे थरथरते, तरी चावे थांबत नाहीत. ते पृष्ठभागालगत किंवा हीटरच्या मागे दडून राहते, कल्ले भराभर हलतात, कल्ल्यांजवळचे पर फाटतात, खाणे टाकले तरी ते बाहेर येत नाही. किंवा कोणीच थरथरत नाही आणि दोघे तोंडात तोंड अडकवून झुंजतात. अशा वेळी वाट पाहू नये. मारकुट्या माशाला जाळीच्या पेटीत ठेवावे आणि धाकट्याला टाकीत मोकळे फिरू द्यावे. पेटीत धाकट्याला कोंडले तर मोठ्याचा ताबा उलट पक्का होतो. आठवड्याभराने, दगडांची मांडणी बदलून, पुन्हा एकत्र सोडून पाहावे. दुसऱ्या खेपेलाही शरणागती दिसली नाही तर त्या दोघांचा नाद सोडून एकाला बदलावे.

जोडी बसलेल्या टाकीत तिसरे क्लाउनफिश घालू नये, ते दुसऱ्या जातीचे असले तरी. समुद्रात तिसरा मासा आपली पाळी येईल म्हणून वर्षानुवर्षे दबून राहतो, पण घरच्या टाकीतल्या अपुऱ्या जागेत त्याला सतत मार खावा लागतो. आपल्या जातीचा मासा तर लगेच ओळखला जातो: ओकिनावाच्या विज्ञान संस्थेत वाढवलेल्या कोवळ्या ओसेलारिसनी आपल्यासारखेच तीन पांढरे पट्टे असलेल्या माशांवर सर्वाधिक हल्ले केल्याचे २०२४ साली प्रसिद्ध झाले. ‘मरून’ जातीच्या क्लाउनफिशबाबत सगळीच काळजी दुपटीने घ्यावी. तिची मादी नराच्या कैक पट वजनाची होते आणि तिचा एक चावाही पिल्लाला पुरतो.

मादी मेली तर उरलेल्या नरासाठी नवी मादी शोधण्याचा मोह होतो. तो टाळावा. नर काही दिवसांतच वरचढासारखा वागू लागतो, त्याच्या शरीरातला बदल नंतर महिनोन्‌महिने चालतो. त्याच्यासोबत मोठी मादी सोडली तर दोन दावेदार समोरासमोर येतात आणि त्यांतला एक बहुधा मरतो. त्याला जोडीदार म्हणून त्याच्याहून स्पष्टपणे लहान, अजून कोणतेच लिंग न ठरलेले पिल्लू द्यावे. आधी ते जाळीच्या पेटीत ठेवून आठवडाभर एकमेकांना पाहू द्यावे आणि मगच मोकळे करावे.