शिवाजी पार्क आणि आमचा ६ डिसेंबर

दादरच्या शिवाजी पार्कवरचे गौरवलेख आम्ही भंडाऱ्यात बसून आवडीने वाचतो. कट्टा, आचरेकर सर आणि त्यांचे शिष्य, भोवतालच्या गोलाकार सज्जांच्या जुन्या इमारती, संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातल्या आचार्य अत्र्यांच्या सभा, सारे त्यांत असते. ६ डिसेंबर मात्र बहुधा नसतो. असलाच तर 'गर्दी', 'गैरसोय' आणि 'अस्वच्छता' या तीन शब्दांत उरकलेला असतो. आमचे भांडण या तीन शब्दांशी आहे.

हे मैदान कोणाच्या अंगणातून कापून काढलेले नाही. १८९६ च्या प्लेगने मुंबईच्या कोंदट वस्त्यांचे वास्तव चव्हाट्यावर आणले, त्यातून १८९८ साली इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट जन्मला आणि शहर दादर-माटुंग्याकडे आखीवपणे पसरू लागले. सुमारे २८ एकरांचे हे मैदान १९२५ साली 'माहीम पार्क' म्हणून लोकांना खुले झाले. १९२७ साली, नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या पुढाकाराने, त्याला शिवाजी महाराजांचे नाव मिळाले. भोवतालच्या इमारती बव्हंशी तीस-चाळीसच्या दशकांतल्या. म्हणजे मैदान आधी आले, शेजारी मागाहून. तरी 'आमचे पार्क' हा उच्चार शेजाऱ्यांचाच!

आता आमचे नाते सांगतो. १९५४ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर भंडारा मतदारसंघातून लोकसभेची पोटनिवडणूक लढले आणि पराभूत झाले. लोकसभेत निवडून जाण्याचा तो त्यांचा अखेरचा प्रयत्न. ७ डिसेंबर १९५६ रोजी दादर चौपाटीवर त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले. तिथे शोकभाषण केले ते याच अत्र्यांनी. त्यांच्या सभांची आठवण जपणाऱ्यांना हे भाषण का आठवू नये? त्या जागेवरची चैत्यभूमी पार्कपासून चालत काही मिनिटांवर आहे. भंडारा रोडला गाडीत बसणारा शेतमजूर सुमारे नऊशे किलोमीटर प्रवास करून तिथे जातो, पार्कातल्या मंडपात पाठ टेकतो, तासन्‌तास रांगेत उभा राहतो आणि परतताना पिशवीत पुस्तके घेऊन येतो. मराठी पुस्तके खपत नाहीत म्हणून गळा काढणाऱ्या आमच्या साहित्यिक मित्रांनी त्या दिवशी पार्कातल्या पुस्तकांच्या दुकानांपुढे तासभर उभे राहावे. संमेलनाच्या मंडपाबाहेर न दिसणारा वाचक त्यांना तिथे भेटेल.

रहिवाशांची गाऱ्हाणी खोटी आहेत असे आम्ही म्हणत नाही. तिथली लाल धूळ खरी आहे, ध्वनिक्षेपकांचा जाच खरा आहे. २०१० साली उच्च न्यायालयाने पार्क शांतता क्षेत्र ठरवले ते उगाच नव्हे. पण १९६६ पासून दसरा मेळाव्यांनी हेच मैदान दणाणले, तेव्हा त्याला 'परंपरा' म्हटले गेले आणि तिचा अभिमानही वाटला. त्याच मातीवर झोपलेल्या, पहाटे उठून रांग धरणाऱ्या माणसांना मात्र 'गैरसोय' म्हणायचे, हा न्याय कुठला? कचऱ्याचा प्रश्न नळ, शौचालये आणि सफाई यांच्या पूर्वतयारीचा आहे. ती तयारी महापालिकेने करायची असते आणि तिच्याबद्दल जाब विचारायचा तर तोही महापालिकेलाच.

२०२५ साली या मैदानाने शंभरी गाठली. त्याचा इतिहास लिहू पाहणाऱ्यांना आमची एवढीच सूचना आहे की, वहीचे एखादे प्रकरण त्यांनी भंडारा रोडच्या फलाटावर, ५ डिसेंबरपूर्वी येऊन लिहावे. विदर्भ एक्स्प्रेस तिथे थांबते.